मागणं मिळालं की गुरुवार चुकतो

अख्ख्या लोणावळ्यात देवाच्या सगळ्यात जवळ कोण राहिलं असेल, तर मी! हे छातीवर हात ठेवून सांगतो. मिशनच्या चाळीतली शेवटची खोली आमची, आणि तिला लागूनच आमच्या ख्रिस्ती मंडळीचं देऊळ. मधली भिंत एकच. कित्येक रविवार मी त्या भिंतीला पाठ टेकून पाळकसाहेबांचा उपदेश घरबसल्या ऐकला. ऐकला म्हणजे, ऐकायला सुरुवात केली. शेवट काय झाला ते बायको येऊन सांगायची, मला उठवून!

तर अशा जवळच्या माणसाकडं किस्से साठणारच. लोणावळ्यात पावसाळ्यात चामड्याची चप्पल कोपऱ्यात ठेवून बघा. चार दिवसांत तिच्यावर हिरवी मखमल चढते. कुणी लावायला जात नाही. किस्स्यांचंही तसंच. मी काही ते गोळा केले नाहीत, नुसता त्या लोकांत राहिलो, आणि चढले! शाळा मी चौथीपर्यंत केली. म्हणजे मी चौथी सोडली नाही, चौथीनं मला सोडलं. तेव्हा लिहिण्यात कुठं चूक सापडली तर ती तुमचीच समजा आणि ठेवून घ्या.

हे बहुतेक किस्से गुरुवारचे. तेव्हा घाटात वाफेची इंजिनं होती आणि मी त्यातल्या एकावर फायरमन होतो, कोळसा मारणारा. आमच्या मंडळीत रिबेकामावशी म्हणून बायबलबाई होत्या. बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवणारी बाई. मिशननं नेमलेली. मावशी वलवणच्या रस्त्याला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. अंगानं काडी, पण आवाज असा की पलीकडच्या गोठ्यातली गुरं उभी राहायची!

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या पडवीत प्रार्थनासभा. तिची रीत ठरलेली. आधी मागणी, मग शास्त्रवाचन, मग एक भजन, आणि शेवटी उपकारस्तुती. ज्याला जे हवं त्यानं ते पहिल्यांदा सांगायचं, सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. मिळालं की शेवटी उभं राहून देवाचे उपकार मानायचे.

घोळ इथंच होता. मागणीच्या वेळी पडवीत बसायला जागा नसायची. उपकाराच्या वेळी मावशी आणि कंदील!

माणूस मागायला यायचा, महिना दोन महिने नेमानं यायचा, मागितलेलं मिळालं की गुरुवारी त्याच्या पोटात दुखायचं. मावशी म्हणायच्या, "देवानं यांचं ऐकावं की नाही, हाच मला प्रश्न पडलाय. ऐकलं की माणूस हातचा जातो!"

माझी बायको सालोमी मात्र एक गुरुवार चुकवायची नाही. तिचं मागणं एकच आणि ते अख्ख्या चाळीला पाठ. "प्रभू, माझ्या माणसाला गुरुवारी इथं येऊन बसायची बुद्धी दे." तो माणूस म्हणजे मी. मी रविवारचा ख्रिस्ती. तोही भिंतीपलीकडचा. गुरुवारी मला ड्यूटी असायची, आणि ड्यूटी नसली की मी ती शोधून काढायचो!

*

एकदा पुण्याहून पाहुणे पाळक आले. त्या रविवारी बायकोनं मला भिंतीच्या या बाजूला राहू दिलं नाही, पलीकडं नेऊन बसवलं. पाळकसाहेबांनी रेल्वेच्या लोकांना समजेल असा उपदेश बेतून आणला होता.

आता ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खालून गाडी चढायला लागली की तिला मागून ढकलायला दुसरं इंजिन लावतात. त्याला आम्ही बँकर म्हणतो. लोणावळा आलं की शिट्टी देऊन बँकर सोडायचा. गाडी पुण्याला आणि बँकर परत घाटाखाली. मी त्याच बँकरवर होतो.

पाळकसाहेब म्हणाले, "बंधूंनो, संकटाचा घाट चढताना तुम्ही देवाला मागे लावता. आणि वर पोहोचलात की त्या बँकरसारखं त्याला सोडून देता! हे योग्य आहे का?"

सगळे माना खाली घालून बसले. मला काही राहवेना. मी उभा राहिलो.

"साहेब, बँकर सोडला नाही तर पुण्यापर्यंत त्याला कोळसा कोण मारणार? मलाच मारावा लागेल!"

देवळात खसखस पिकली. पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. सालोमीनं माझ्या शर्टाचं टोक इतक्या जोरात ओढलं की मी बसलो नाही, पडलो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मावशींचा आवाज आला.

"सोड की बाबा! पण निदान शिट्टी तरी वाजव!"

*

याकोब पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, आमच्याच चाळीतला. त्याची ड्यूटी घाटातल्या कॅबिनला. आजूबाजूला जंगल, खाली दरी, आणि गाडी नसली की बिबट्याचा खोकला ऐकू यायचा. याकोबला भीती अशी की तो सिग्नलचा दांडा ओढतानासुद्धा पाठ भिंतीला लावून ओढायचा.

गुरुवारी सुट्टी मिळाली की तो पडवीत सगळ्यात पुढं. मागणं, बदलीचं. "प्रभू, मला वर लोणावळा ठेसनात आण." डोळे घट्ट मिटून, घाम येईपर्यंत प्रार्थना करायचा. एकदा तर प्रार्थनेत असा रंगला की शेवटी "आमेन" म्हणायचं सोडून पुढचा रूळ मोकळा असल्याची वर्दी द्यावी तसा खणखणीत आवाजात म्हणाला, "लाइन क्लियर!"

मावशी म्हणाल्या, "देवाकडून मिळालं, याकोबा. आता गाडी सोड."

आणि खरंच, पुढच्या महिन्यात बदलीचा हुकूम आला! याकोब लोणावळा ठेसनात. गुरुवारी मात्र गायब. एक गुरुवार, दुसरा गुरुवार, तिसरा. शेवटी मावशी छत्री घेऊन थेट ठेसनाच्या कॅबिनखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"याकोबा, घाटातल्या कॅबिनला होतास तेव्हा रोज देवाशी बोलायचास म्हणे!"

याकोबनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. माणूस खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, "मावशी, तिथं दुसरं कुणी बोलायलाच नव्हतं!"

इथं त्याच्याभोवती पाच जण पत्ते कुटत बसले होते.

मावशी काही रागावल्या नाहीत. छत्री मिटली, तिथंच रुळांच्या कडेला डोळे मिटले आणि त्या गोठ्यातली गुरं उठवणाऱ्या आवाजात प्रार्थना सुरू केली. "हे दयाळू बापा, आमचा याकोब तुझ्याशी किती गोड बोलायचा! त्याच्या बोलण्यात इथं लोक फार व्यत्यय आणतात. तर तू त्याला पुन्हा..."

"मावशी!" याकोब जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत ओरडला. "पुढं म्हणू नका! येतो मी गुरुवारी!"

मावशींनी एक डोळा उघडला आणि शांतपणे म्हणाल्या, "लाइन क्लियर."

*

शांतवन मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. प्रार्थनाही अशी करायचे की कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. मधेच थांबून आपलीच चूक दुरुस्त करायचे. एकदा मावशी म्हणाल्या, "मास्तर, देव पाटीवर लिहून घेत नाही. होऊ द्या."

एका पावसाळ्यात शाळा तपासायला मोठे साहेब येणार असा निरोप आला. मुलांची तयारी शून्य. भातलावणीमुळं निम्मी मुलं शेतात, आणि उरलेली निम्मी बाहेर बघत बसलेली. मास्तर हवालदिल. गुरुवारी मागणीच्या वेळी त्यांचा सगळा शब्दसाठा संपला. नुसते म्हणाले, "प्रभू, वाचव!" मावशींच्या मते ती मास्तरांची पहिली खरी प्रार्थना.

साहेब आले त्या दिवशी धुकं असं उतरलं की स्वतःचा हात लांब केला तर तो दुसऱ्याचा वाटावा. साहेब ठेसनातून निघाले, टांगेवाला बाहेरगावचा. तो त्यांना शाळेऐवजी तळ्याच्या बाजूला घेऊन गेला. तिथून परत ठेसनात. परत निघाले तर बाजारात. शेवटी साहेब वैतागून आल्या गाडीनं पुण्याला परत गेले आणि शाळा ठीक चालली आहे असं कळवून मोकळे झाले!

मास्तर गुरुवारी आले, पण उपकाराच्या वेळी उठेनात. मावशींनी कोपरखळी मारली.

"मास्तर, धुक्याबद्दल दोन शब्द."

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "मावशी, आपण सुशिक्षित माणसं. धुकं ही नैसर्गिक गोष्ट आहे. लोणावळ्यात ते रोजच असतं."

"असतं की," मावशी म्हणाल्या. "मग साहेब रोजच वाट चुकतो का?"

मास्तर उभे राहिले. त्या दिवशीची त्यांची उपकारस्तुती कर्ता-कर्मासकट इतकी लांबली की कंदिलातलं तेल संपलं. मावशी म्हणाल्या, "मीच कशाला उठवलं यांना!"

*

कुरवंड्याचे धोंडूआबा आमच्या चाळीला दूध घालायचे. हिंदू माणूस, कपाळाला गंध, खांद्यावर घोंगडी. एकदा नागफणीच्या डोंगराच्या अंगाला त्यांची म्हैस धुक्यात हरवली. तीन दिवस शोधत होते. चौथ्या दिवशी दुधाच्या रिकाम्या कासंड्या घेऊन मावशींच्या दारात.

"मावशी, तुमचा देव हरवलेली मेंढरं हुडकतो म्हनं?"

"हुडकतो की."

"म्हशीचं जमल का त्याला?"

मावशी म्हणाल्या, "आबा, विचारून बघते." आणि दारातच हात जोडून धोंडूआबांच्या म्हशीसाठी प्रार्थना केली. आबा घोंगडी सावरून शेजारी उभे. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मी काय म्हनू?" मावशी म्हणाल्या, "आमेन म्हणा." आबा म्हणाले, "आमीन. तिचं एक शिंग मोडलंय, त्येबी सांगा."

दुसऱ्या दिवशी म्हैस औंढे गावच्या एका गोठ्यात सापडली. मजेत वैरण खात होती!

त्यानंतरच्या गुरुवारी सभा चाललेली असताना आबा तांब्याभर दूध घेऊन पडवीत हजर. तांब्या मधोमध ठेवला. "ह्ये तुमच्या देवाला."

शांतवन मास्तरांना समजावून सांगायची हौस. "आबा, आमचा देव आत्मा आहे. तो दूध पीत नाही."

"मंग त्येच्या वाटचं तुमी प्या. पर त्याला सांगा, धोंडूनं घातलंय. पानी न्हाई मिसळलं!"

मावशींनी विचारलं, "आबा, तुमच्या देवाला पण नवस बोलला असाल ना?"

"व्हय तर! त्यालाबी नारळ फोडला. कुनी आनली ते म्हशीला ठावं. आपुन दोगांचंबी मानायचं."

गंमत पुढं आहे. आबा पुढच्या गुरुवारीही आले. त्याच्या पुढच्याही. तांब्या ठेवायचा, भजन होईपर्यंत पायरीवर बसायचं, मान डोलवायची, निघायचं. मावशी म्हणाल्या, "आबा, म्हैस एकदाच सापडली, दूध किती वेळा द्याल?"

आबांना प्रश्नच कळेना. म्हणाले, "अवो, म्हस रोज दूध देतीया न्हवं?"

मावशी तांब्या उचलून दूध गाळायला आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

*

मावशींची पण एक खोड होती. त्यांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी चष्म्यासाठी प्रार्थना केली होती, आणि मिशनकडून चष्मा आला होता. ही गोष्ट जुनी. पण उपकाराच्या वेळी दर गुरुवारी त्यांचं पहिलं वाक्य तेच. "बापा, चष्म्याबद्दल तुझे उपकार." काच तडकली तरी तेच. एक काडी मोडून तिथं सुतळी आली तरी तेच!

एकदा त्या सालोमीला भेटायला घरी आल्या होत्या तेव्हा मी त्यांना छेडलं. "मावशी, देवापुढं चष्म्याचं एवढं घोकू नका. त्याला वाटेल, नवीन मागताय!"

सुतळी कानामागं सारत मावशी म्हणाल्या, "वाटू दे की!"

*

आता घरचं.

सालोमी गुरुवारी सभेत प्रार्थना करायची आणि बाकीचे दिवस घरी. पहाटे चूल पेटायच्या आधी ती गुडघ्यावर बसायची, आणि सगळ्यात शेवटी माझा नंबर. "प्रभू, माझ्या माणसाला गुरुवारी..." मी पांघरुणातून ऐकायचो. रोज तेच ऐकून माझ्या डोक्यात किडा शिरला.

एके दिवशी मी तिच्या आधी उठलो आणि हळूच माळ्यावर चढून बसलो. तिनं सुरू केलं, "प्रभू, माझ्या माणसाला..." मी वरून आवाज जाड करून म्हणालो,

"सालोमे! तुझा नवरा चांगला माणूस आहे. त्याला त्रास देऊ नकोस!"

मी तोंडात पंचा कोंबून हसू दाबतोय. मग खालून तिचा अगदी नम्र आवाज आला.

"होय प्रभू. पण तुझ्या आवाजाला बिडीचा वास का येतोय?"

आणि तिनं शिडी काढून घेतली. ड्यूटीची वेळ होईपर्यंत मी माळ्यावर!

*

मी गुरुवारी सभेला जायला लागलो तो काही साक्षात्कार होऊन नाही. छत्रीमुळं.

आषाढातला पाऊस, सालोमी छत्री विसरून सभेला गेलेली. मला तिची काळजी वाटली असं मी सांगतो. ती सांगते, मला जेवण वेळेवर हवं होतं. काही असो, मी छत्री घेऊन मावशींच्या पडवीपाशी गेलो. बाहेरूनच देऊन पळणार होतो. मावशींनी पाहिलं.

"दाविदा, आत ये. भिजतोयस."

"नको मावशी, माझे पाय चिखलाचे."

"आमचे काय लोण्याचे आहेत? बस!"

बसलो. सालोमीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. मी हळूच सरकत दाराकडं निघालो होतो, तर मावशींनी घोषणा केली, "आता आपला दावीद प्रार्थना करील!"

मला सगळ्यांसमोर कुठली प्रार्थना येते? एकच, जेवणाआधीची. ती आईनं लहानपणी चापट मारून पाठ करून घेतलेली. मी डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकली. "हे प्रभू, आमच्यापुढं वाढलेल्या या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो, आमेन!"

डोळे उघडले तर पुढं चटई. अन्नाचा पत्ता नाही. याकोब भिंतीकडं तोंड करून गदगदत होता. मास्तर म्हणाले, "व्याकरण बरोबर होतं."

मावशी गंभीरपणे उठल्या. "उपकार तर मानून झाले. आता अन्न आणायलाच पाहिजे, नाहीतर देवापुढं हा खोटा पडायचा." आणि त्या आत जाऊन कांद्याची भजी तळायला लागल्या! पाऊस, कढईतली गरम भजी, आणि धोंडूआबांच्या दुधाचा चहा. मला वाटलं, हे लोक दर गुरुवारी एवढी मजा करतात आणि मी ड्यूटी शोधत फिरतो?

पुढच्या गुरुवारी मी गेलो. भजी नव्हती. तरी बसलो. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेलो. का ते मला नीट सांगता येणार नाही. कोळसा मारून मारून अंग आंबून जायचं, आणि त्या पडवीत बसलं की बरं वाटायचं. एवढंच.

त्या तिसऱ्या गुरुवारी उपकाराच्या वेळी सालोमी उभी राहिली. एवढी वर्षं मागितलेलं मागणं पुरं झालं म्हणून तिनं देवाचे उपकार मानले. मावशींनी चष्मा काढून पुसला. मीसुद्धा मान खाली घालून, मोठा हरवलेला आणि सापडलेला माणूस असल्यासारखा चेहरा केला. शेवटी धोंडूआबांची म्हैस आणि मी, दोघंही सापडलो!

*

आणि मग सालोमी यायची बंद झाली.

पहिल्या गुरुवारी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, माझं दळण राहिलंय." दुसऱ्या गुरुवारी पापड. तिसऱ्या गुरुवारी तर कारणही नाही, नुसती म्हणाली, "जा तुम्ही." मी बसायला लागलो आणि तिची चटईवरची जागा रिकामी!

याकोब मला चिडवायला लागला. "दावीदभाऊ, तुम्हाला आत आणलं आणि स्वतः बाहेर!" मास्तर म्हणाले, "मागणं पुरं झाल्याचा हा ठळक दाखला आहे." मी हसण्यावारी न्यायचो. पण मावशी नुसत्या त्या रिकाम्या जागेकडं बघायच्या. ते मला जड जायचं. कोणी गळालं तरी सालोमी गळायची नाही, असं त्यांनी धरलं होतं. खरं म्हणजे मीसुद्धा. जी बाई माझ्यासाठी इतकी वर्षं गुडघे टेकून बसली, ती माझ्यापायी देवापासून लांब गेली, तर मी पडवीत बसून काय मिळवलं? त्यापेक्षा मी भिंतीपलीकडं घोरत होतो तेच बरं होतं की!

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. एका गुरुवारी भर पावसात मुद्दाम छत्री घरी विसरून गेलो. म्हटलं, छत्रीनं मला आणलं, तिला पण आणील. पडवीत बसून सारखा वाटेकडं बघतोय. अर्ध्या तासानं छत्री आली. तिच्याखाली धोंडूआबा!

"तुमच्या घरच्या मंडळींनी दिली. म्हनल्या, दूध द्यायला चाललायसाच तर न्या."

दुसऱ्या गुरुवारी मी मागणीच्या वेळी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून. आणि माझ्या तोंडून ऐकलेलंच वाक्य निघालं, नुसता माणूस बदलून. "प्रभू, माझ्या बायकोला गुरुवारी इथं येऊन बसायची बुद्धी दे." कुणी हसलं नाही. याकोबसुद्धा.

घरी जाऊन तिला विचारावं तर धीर होईना. जगाची टिंगल करणारा मी, पण तिला हे विचारायला जीभ वळेना. ती "होय, सोडलं" म्हणाली तर?

शेवटी एका गुरुवारी मला पडवीत बसवेचना. शास्त्रवाचन चालू होतं. मी मावशींना खूण केली. त्या काय समजायचं ते समजल्या, मान हलवली. मी उठलो आणि वलवणच्या रस्त्यानं ताडताड घरी आलो. पाऊस नुकता थांबलेला, पागोळ्या गळत होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

मी दार ढकललं. सालोमी खिडकीपाशी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर तांदूळ निवडायचं सूप, पण हात रिकामे. दळण नाही, पापड नाही, काही नाही. मला बघून दचकली.

चपलासुद्धा न काढता मी दारातच सुरू झालो. वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरून गेलो.

"सालोमे, एक विचारतो, खरं सांग. मी यावं म्हणून देवाच्या मागं लागली होतीस. मी आलो. आता तुझं काम झालं, म्हणून सोडलंस त्याला?"

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या चपलांच्या चिखलाकडं बघितलं.

"सोडीन कशाला? एवढी वर्षं मी त्याला गाठायला मावशींच्या पडवीत जात होते, कारण या घरात तुमच्या तोंडापुढं त्याला बोलायला सवड नव्हती. आता गुरुवारी तुम्ही तिकडं जाता, घर कसं गप्प असतं, तर तोच येतो इकडं. आत्तासुद्धा बसला होता. तुम्ही आलात, आणि उठला!"